नांगी काढलेला विषाणू

माझ्या सासूबाई होत्या तोवर गावात सांगायच्या, "आमची सुरेखा औषधाच्या कंपनीत हाय. बाटल्या भरती." त्यात तसं खोटं काही नव्हतं. मी बाटल्या भरतच होते. बाटलीत काय असतं ते मात्र त्या सांगत नसत. कारण मी एकदा त्यांना खरं काय ते सांगितलं आणि त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

बाटल्यांत विषाणू असायचे.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका अंगाला पत्र्याचे भाग ठोकणारा कारखाना, दुसऱ्या अंगाला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, आणि त्या दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली आमची शेड. सगळी माणसं एका जीपमध्ये मावावीत एवढीच. मालक डॉ. सहस्रबुद्धे. परदेशात मेंदूवर संशोधन करून आलेले. आपल्या प्रयोगशाळा बाहेरच्या देशांतून विषाणू मागवतात, ते इथेच का करू नयेत, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी सुप्याला बिऱ्हाड थाटलं. गावच्या लोकांना ते आडनाव पेलेना. त्यांनी त्यातल्या हजारांवर पाणी सोडलं आणि नुसते 'बुद्धेसर' ठेवले.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. आधी काही वर्षं जनावरांच्या लशींच्या कामावर होते. मग घरून स्कुटीवर जाता येईल अशी नोकरी म्हणून इथे लागले, ती निवृत्त होईपर्यंत. आता संपादक म्हणतात, कामाच्या आठवणी लिहा, पण सोप्या करून लिहा. सोपं करून सांगण्यापायी मी एकदा चांगलीच गोत्यात आले होते. तेच सांगते.

पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

मेंदू उघडून पाहिला तर फिक्या लोण्याच्या गोळ्यासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत चेतापेशींचं जाळं, एकीचे हातपाय दुसरीच्या गळ्यात. दिसायला सगळ्या सारख्याच. पण कामं निरनिराळी. एक जात भूक लावते, एक झोपेतून उठवते, एक हात उचलायला मदत करते, एक उचललेला हात आवरते. शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करतो आणि त्याला त्यातली एकच जात हवी असते. आमच्या गावात निम्मी घरं औट्यांची. बाहेरच्या माणसाने येऊन "औटी कुठं राहतात?" असं विचारलं की कट्ट्यावरचे लोक हसतात. "कोणते औटी? शेळ्यावाले, का बोअरवाले, का भांडणवाले?" मेंदूत नेमका हाच घोळ आहे.

विषाणूला पेशीत शिरता येतं. ती त्याची जन्मजात विद्या. आम्ही काय करायचो, तर एका अगदी गरीब जातीच्या विषाणूचा आतला सगळा ऐवज काढून टाकायचो आणि त्याच्या रिकाम्या टरफलात आपला माल भरायचो. माल म्हणजे एक जनुक. तो मुळात समुद्रातल्या जेलीफिशचा. पेशीत गेला की पेशी हिरवी चमकते. आणि त्या जनुकाला जोडलेलं एक बटण, जे हव्या त्या जातीच्या पेशीतच दाबलं जातं. म्हणजे विषाणू शिरणार पुष्कळ घरांत, पण दिवा लागणार फक्त शेळ्यावाल्या औट्यांकडे.

हे विषाणू आम्ही काचेसारख्या प्लास्टिकच्या बशांत वाढवलेल्या पेशींकडून करून घ्यायचो. पेशींना तीन वेगवेगळे तुकडे द्यायचे: एकात आपला माल, एकात टरफल कसं करायचं ती रीत, आणि तिसरा मदतनीस. पेशी टरफलं करतात आणि त्यात फक्त माल भरतात. टरफलाची रीत बशीतच राहते. त्यामुळे आमचा विषाणू पेशीत शिरायचा, पण त्याला पिल्लं होत नसत. नांगी काढलेला विंचू म्हणा ना.

त्या पेशी सांभाळायला यास्मिन तांबोळी होती. नगरहून रोज बसने यायची. पेशींना ती 'माझी लेकरं' म्हणायची आणि आम्हा बाकीच्यांना नावाने हाक मारायची, त्यावरून कुणाचा मान किती ते कळावं. पेशींना सणवार नसतो. ईद असो नाहीतर पाडवा, वेळेवर खायला घातलं नाही की मान टाकतात. "दुभत्या म्हशीपरीस वाईट," मी म्हणायचे. "म्हैस निदान ओरडती तरी," यास्मिन म्हणायची. "ही गप बसून मरतात."

गिऱ्हाइकांच्या तऱ्हाही सांगण्यासारख्या. उत्तरेकडच्या एका प्राध्यापकांनी आधी सगळ्या चेतापेशींसाठी विषाणू मागवला, मग म्हणाले सगळ्या नकोत, काही हव्यात, आणि माल तयार झाल्यावर कळवलं की प्रयोग करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं, आता काहीच नको. आणि दक्षिणेत होते डॉ. राव. बाकीचे लोक माल पोचल्याचंही कळवत नसत. हे मात्र प्रत्येक वेळी चमकणाऱ्या पेशींचे फोटो पाठवायचे, आणि थोड्या वेळाने फोन. "पाहिलेत? कसे आहेत?" नातू झाल्यावर आजोबा विचारतात तो सूर. "छान आहेत सर," असं म्हणून त्यांचं भागत नसे. कुठल्या कोपऱ्यातली पेशी विशेष छान ते सांगावं लागे. मी आणि यास्मिनने पाळ्या लावून घेतल्या होत्या. एकदा ती दमून म्हणाली, "सर, तुमच्यावर गेली आहे," आणि ते आठवडाभर खूश होते.

आता मुख्य गोष्ट.

करोना नुकताच ओसरला होता. लोकांचे मास्क हनुवटीवर आले होते, पण भीती होती तिथेच होती. आमचा माल कोरड्या बर्फात घालून कुरियरने जायचा. हा बर्फ वितळत नाही. त्याचा धूर होतो. बुद्धेसरांना शुद्ध मराठीची फार हौस. खोक्यावर इंग्रजीत नियमाची चिठ्ठी असायचीच; पण सामान्य माणसाला कळायला नको का, म्हणून त्यांनी खाली मराठीत ठळक छापून घेतलं होतं: 'आत विषाणू आहेत. घाबरू नये.'

मी म्हटलं होतं, "सर, 'घाबरू नये' वाचलं की माणूस आधी घाबरतो." पण मालकाच्या मराठीपुढे आमचं कोण ऐकतो!

तर एके दिवशी दुपारी कुरियरचा टेम्पो आमच्या गावच्या फाट्यावर चहाला थांबला. ड्रायव्हर नवा. मागचं दार उघडून बघतो तो एका खोक्यातून पांढरा धूर. वाकून वाचलं. त्याने खोकं उचलून लिंबाखाली ठेवलं आणि टेम्पो घेऊन जो गेला तो थेट पुण्यात जाऊन थांबला असावा. हॉटेलातल्या लोकांनी मग ते वाचलं. चहाचे कप जिथल्या तिथे सोडून सगळे रस्त्याच्या पलीकडे गेले आणि तिथून फोटो काढायला लागले. मी शेडमध्ये होते. फोटो गावच्या ग्रुपवर आला, आणि पाठोपाठ आमच्या ह्यांचा फोन: "तुमचं खोकं फाट्यावर बसलंय."

मी गेले. तोवर पोलीसही आले होते, पण तेही लांबूनच बंदोबस्त करत होते. मी खोकं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं, तशी गर्दी दोन्हीकडे फाकली. आयुष्यात मला एवढा रस्ता कुणी दिला नव्हता. स्कुटीच्या पुढ्यात ते ठेवून मी निघाले तेव्हा मागून आवाज आला, "आरं, ही तर आबा औट्यांची सून! म्हंजे आपल्या गावात बी हाय म्हना की."

दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीत माझा डबा कुणी हातात घेईना.

ग्रामसभा बोलावली गेली. विषय एकच: विषाणूची शेड बंद करावी असा ठराव. सरपंच बाई होत्या, कमलताई. पण सभेत बोलायचे त्यांचे यजमान बबनराव. कमलताई शेजारी बसून पदर सावरायच्या. ठराव झाला असता तर तो वर गेला असता, चौकशी लागली असती, आणि चौकशी संपेपर्यंत शेडला कुलूप. बुद्धेसर रडकुंडीला आले. यास्मिन म्हणाली, "कुलूप लावा, पण मला आत ठेवून लावा. माझ्या लेकरांना कोण बघणार?" आणि मला तर त्याच गावात राहायचं होतं.

इथे आबांविषयी सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. शेतकरी माणूस, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेगळी होती. बाजरी नाहीतर गव्हाच्या सुगीत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की त्याला आबांकडे आणायचे. आबा त्याला उन्हाकडे तोंड करून बसवायचे, पापणी उलटायचे आणि उपरण्याच्या ओल्या टोकाने कुसळ अलगद टिपून घ्यायचे. हात असा स्थिर, की डोळ्याला कळायचंही नाही. याचा त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. मग उजवा हात थरथरायला लागला. एक दिवस एक बाई लेकीला घेऊन आली. आबांचा हात पोरीच्या डोळ्याजवळ गेला आणि हलायला लागला, तशी त्या बाईने लेकीला मागे ओढलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "आबांनी म्हातारपनी सुरू केली वाटतं." आबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. नगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात थोडा शांत व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्यानंतर आबा कुणाचा डोळा बघेनात, आणि चारचौघांत बसले तर हात सदऱ्याखाली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. बुद्धेसर आधी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात 'डीऑक्सिरायबोन्यूक्लिक' म्हटलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हेच रोगाचं नाव असावं असा चेहरा सगळ्यांनी केला. मी त्यांचा शर्ट मागून ओढला आणि स्वतः उभी राहिले.

शेळ्यावाले औटी, टरफल, दिवा, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते. शेळ्यावाले औटी समोरच बसलेले, त्यांना तर फारच आवडलं. बबनराव मात्र पक्के. "समजा, नांगी काढली तुमी. परत फुटली तर?"

"नांगी करायची रीत बशीतच राहते, बबनराव. ती त्याच्याबरोबर जातच नाही. ज्याला बीच नाही ते उगवायचं कसं?"

"बरं. आन करायचं काय ह्याचं? उंदराच्या डोस्क्यात दिवं लावून कुनाचं भलं?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिलं, आणि तेही चांगलं दिलं, हीच पंचाईत झाली. म्हटलं, "मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. माणसात तो काळसर दिसतो. हात उचलायला, पाऊल टाकायला त्यांची मदत लागते. त्या पेशी मरायला लागल्या की हात थरथरतो, पाऊल आखूड पडतं, चेहऱ्यावरचं हसू कमी होतं. त्या का मरतात हे कुणालाच धड ठाऊक नाही. शोधायचं तर आधी एवढ्या गर्दीतून नेमक्या त्याच ओळखता आल्या पाहिजेत. आमचा विषाणू त्या ओळखून देतो."

मग एकेक मान मागे वळायला लागली. आबा मागे भिंतीला टेकून बसले होते. सगळं गाव आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर त्यांनी उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला आणि खाली बघत राहिले. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच राहिली नव्हती.

ठराव बारगळला. बबनराव म्हणाले, "मग चालू द्या. पर त्या खोक्यावरची पाटी बदला." त्यावर मात्र एकमत झालं.

आणि मग उलटीच तऱ्हा सुरू झाली. गिरणीत माझा डबा सगळ्यांच्या आधी दळून मिळायला लागला. एक बाई पोराला घेऊन आली: गणित डोक्यात शिरत नाही, तेवढ्यापुरता एखादा विषाणू आहे का? दुसरीला नवऱ्याची तंबाखू सोडवायची होती. बबनराव स्वतः आले, दार लोटून हळूच म्हणाले, "ताई, मला राग लई येतो. रागाची पेशी बंद करता येती का?" मी त्यांना समजावून पाठवलं. संध्याकाळी कमलताई आल्या. म्हणाल्या, "ह्ये येऊन गेलं न्हवं? रागाचं ऱ्हाऊ द्या. ह्यांची बोलायची पेशी तेवढी बंद करा. पुढच्या सभेत मला बोलायचंय."

मी हसत होते. आठवडा तसाच हसण्यात गेला. मग एका सकाळी अंगणात आबांनी मला थांबवलं.

"सुरेखा, ते तुमचं औषध."

"ते औषध नाही, आबा."

"बरं, इषाणू. कुठनं देत्यात ते उंदराला?"

"डोक्याला बारीक भोक पाडून, सुईनं."

"माझं डोस्कं उंदरापरीस मोठं हाय. भोकाला जागा बी लई."

मी हसायला गेले आणि त्यांच्याकडे पाहून थांबले. त्यांनी हे मनाशी पुष्कळ दिवस घोळवलेलं दिसत होतं.

"माझं वय झालं," ते म्हणाले. "काय व्हायचं ते हुईल. तुझ्यावर बोट येऊ द्यायचा न्हाई मी. गावासमोर सांगतो, माझ्या मर्जीनं घेतलं म्हनून."

"आबा, त्यानं बरं होत नाही. त्यानं पेशी नुसती दिसते."

"दिसून काय करायचं?"

"अभ्यास."

"आन मग औषध?"

"पुढं कधीतरी. कदाचित. दुसरीकडे मोठ्या दवाखान्यांत माणसांवर थोडे थोडे प्रयोग चाललेत, पण ते विषाणू निराळे, त्यांची परीक्षा निराळी. आमचा माल फक्त उंदरांसाठीच."

आबांनी हात सदऱ्याखाली घेतला. मग म्हणाले, "म्हंजे उंदराला देता, मला न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आबा, त्या उंदराच्या मेंदूचे मग काप करतात."

"कांद्यावानी?"

"त्याहून लई पातळ."

आबांनी विचार केला. "तरी," ते म्हणाले, "त्याला इचारलं तर कुनी." आणि उठून गेले. खरं तर उंदराला कुणीच विचारत नाही. पण ते मी त्या वेळी बोलले नाही.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले असं नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे. पण पूर्वी मी कामावरून आले की विचारायचे, "भरल्या का बाटल्या?" ते बंद झालं. मला शेडमध्ये काम सुचेना. माझ्या हातून रोज जो माल निघत होता तो नेमका त्यांच्या त्याच पेशींचा पत्ता जाणत होता, आणि मला त्यांना देता येत नव्हता. यास्मिनला सांगितलं तर ती म्हणाली, "देता येत नाही ना, मग दाखव की."

"काय दाखवू?"

"रावसरांची नातवंडं."

डॉ. राव त्याच पेशींवर काम करत. उंदराने पाऊल उचलायच्या आधी त्या काय करतात, हा त्यांचा विषय. त्यांचा ताजा फोटो नुकताच आला होता. मी बुद्धेसरांची परवानगी काढली. ते म्हणाले, "आणा, पण आतल्या खोलीत नको. आणि त्यांना मराठीत सांगा." जणू मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगणार होते.

रविवारी सकाळी आबांना म्हटलं, "चला." कुठे ते विचारलं नाही त्यांनी. स्कुटीवर मागे बसले आणि एका हाताने माझा खांदा धरला. सगळा रस्ता मला तो हात खांद्यावर हलताना कळत होता.

यास्मिन पेशींना खायला घालायला आली होतीच. "सलाम, आबा. बसा हितं," म्हणत तिने खाली बसून त्यांच्या पायांत प्लास्टिकचे मोजे चढवले. आबा संकोचले. "राहू द्या, पोरी."

"नियम आहे, आबा. मंत्री आले तरी घालते. मंत्री येत नाहीत, ते सोडा."

काचेपलीकडच्या बशा तिने दाखवल्या. आत फिक्या गुलाबी पाण्यात काहीच दिसत नव्हतं.

"ह्यात हायेत?"

"ह्यात. माझी लेकरं."

"खात्यात काय?"

"हेच गुलाबी सरबत."

"चैन हाय," आबा म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडून थट्टा निघाली.

मग मी त्यांना संगणकापुढे बसवलं आणि फोटो उघडला. काळ्याभोर पडद्यावर दोन तिरके हिरवे पट्टे, कपाळावर भुवया रेखाव्यात तसे. मी जवळ आणत गेले, तसे पट्ट्यांचे ठिपके झाले, आणि ठिपक्यांना बारीक फांद्या फुटलेल्या दिसायला लागल्या.

आबा खुर्ची पुढे ओढून बसले.

"ह्याच?"

"ह्याच."

"उंदराच्या?"

"हा फोटो उंदराचा. पण आपल्यातही मेंदूच्या तळाशी ह्याच जातीच्या पेशी असतात."

त्यांनी बोट पडद्याकडे नेलं. बोट थरथरत होतं. या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही.

"किती बारीक."

"मोहरीच्या दाण्यात कितीतरी मावतील."

"आन माझ्या ह्या मेल्या."

"सगळ्या नाही, आबा. बऱ्याच."

"कशानं?"

"ठाऊक नाही. खरंच कुणाला नक्की ठाऊक नाही."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दारूनं न्हाई ना?"

मी चमकले. "दारूनं नाही, आबा. आणि तुम्ही कुठं घेता?"

"न्हाई घेत. पर लोकं बोलायला लागली तवा मला वाटलं, बापानं लई पिली, त्याचं माझ्यात उतरलं आसंल." मग आणखी हळू, "भ्याल्यानं?"

"नाही."

"कुनाची हाय लागून? त्या बाईनं पोरीला वढलं तवापासनं लईच वाढलंय."

"नाही, आबा. ते आधीच सुरू झालं होतं. कुणाची हाय नाही, पाप नाही, काही नाही. ह्या पेशी गेल्यात, एवढंच."

आबांनी खुर्चीला पाठ टेकली. यास्मिन तोंड फिरवून काच पुसल्यासारखं करत होती. ती स्वच्छच होती.

"डाक्टरनं नाव सांगितलं हुतं," आबा म्हणाले. "नाव आयकून काय दिसत न्हाई. ह्ये दिसतंय."

निघताना त्यांनी फोटो मागितला. यास्मिनने रंगीत छापून दिला. दुसऱ्या दिवशी डॉ. रावांचा ठरलेला फोन आला, "पाहिलेत? कसे आहेत?" मी सांगितलं की माझ्या सासऱ्यांनी पाहिले, आणि त्यांना तसाच आजार आहे. रावांनी विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "म्हणाले, दिसतंय." त्यानंतर रावांनी फोटो पाठवणं थांबवलं नाही, पण 'कसे आहेत' विचारताना आधी 'आबा' हा शब्द घालायला लागले.

आबा पूर्ववत झाले असं मी म्हणणार नाही. हात थांबला नाही. पाऊल आणखी आखूड झालं. आमच्या शेडमधून किती माल गेला आणि त्यातून त्यांच्यासाठी गोळीभर काही निघालं नाही, हे मला अजून खुपतं. पण आबा पुन्हा कट्ट्यावर जायला लागले. फोटो सदऱ्याच्या खिशात, घडी घालून घालून त्याला रेघा पडलेल्या. कुणी हाताकडे पाहिलं की स्वतःच काढून दाखवायचे. "ह्या बघ. माझ्यात बी आशाच हुत्या."

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. संध्याकाळी घरी येताना कट्ट्यापाशी स्कुटी थांबवली. आबा मधोमध बसले होते, हात उघडा, मांडीवर आपल्या लयीत हलत होता. फोटो बबनरावांच्या हातात. ते तो उलटासुलटा करून बघत होते.

"आबा," बबनराव म्हणाले, "मंग आता तुमच्यात किती राह्यल्यात म्हनायच्या?"

असं कुणी विचारत नाही. आबांनी आपल्या हाताकडे नीट पाहिलं.

"हायेत थोड्या," ते म्हणाले. "म्हनून तर हात हलतोय. सगळ्या गेल्या म्हंजे मग हलायचा न्हाई."

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग आबांच्याच पोटातून हसू आलं, आणि सगळा कट्टा हसायला लागला.

शास्त्राच्या हिशेबाने हे साफ उलटं होतं. हात हलतो तो पेशी गेल्यामुळे, उरल्यामुळे नव्हे. मी दुरुस्त करायला तोंड उघडलंही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. आजाराने त्यांच्या चेहऱ्यावर हसू सहसा उमटत नाही, पण त्या घटकेला ओठांचा एक कोपरा वर गेला होता.

मी तोंड मिटलं आणि म्हटलं, "बरोबर आहे, आबा."